नागपुरात बेघरांसाठी नवा निवारा: शासकीय अनुदानाचा प्रस्ताव कसा तयार करावा

डिसेंबर-जानेवारीत रेल्वे स्थानकाबाहेर, मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आवारात, सीताबर्डीतील बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि ताजबाग परिसरात उघड्यावर झोपलेली माणसे पाहून अनेक संस्था, मंडळे आणि बचत गटांचे संघ निवारा उभारण्याचा निश्चय करतात. निश्चय झाला की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या योजनेतून पैसे मिळतील हा. खरे तर तो चौथा प्रश्न आहे. निवारा नेमका कोणासाठी, कोणाच्या जागेवर, आणि इमारत उभी राहिल्यावर दर महिन्याचा खर्च कोण भागवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांसह हाती असली तरच योजनेचा अर्ज पुढे सरकतो. ती नसली तर चांगल्यातला चांगला अर्जही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. पुढील पायऱ्यांचा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

जबाबदारी कोणाची आणि पैसा कोणाच्या खात्यात

शहरी बेघरांना निवारा पुरवण्याची जबाबदारी शासन आणि महानगरपालिकेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) विरुद्ध भारत सरकार’ या रिट याचिकेत (क्रमांक १९६/२००१) २०१० साली दिलेल्या आदेशांतून ती ठळकपणे पुढे आली. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे निवारा असावा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा असावा, अशी अपेक्षा तिथे नोंदवली गेली. केंद्र शासनाने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक ठेवला आणि त्याचे निकष ठरवून दिले: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० जण, आणि प्रत्येकाला किमान ५० चौरस फूट जागा.

हा निकष नागपूरला लावून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ आहे, म्हणजे किमान २,४०० जणांची सोय शहरात असायला हवी. सध्या चालू असलेल्या निवाऱ्यांची एकूण क्षमता महानगरपालिकेच्या समाजविकास विभागाकडून लेखी मागून घ्यावी, २,४०० मधून ती वजा करावी आणि येणारा आकडा प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मांडावा. ‘शहरात बेघर खूप आहेत’ या वाक्यावर कोणताही अधिकारी टिप्पणी लिहू शकत नाही. निकषापेक्षा किती खाटा कमी आहेत, हे वाक्य मात्र तो जसेच्या तसे आपल्या टिप्पणीत उतरवू शकतो.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या घटकाखालील बांधकामाचे अनुदान थेट संस्थेच्या खात्यात येत नव्हते. प्रस्ताव महानगरपालिका सादर करत असे, राज्यस्तरीय प्रकल्प मंजुरी समिती तो मंजूर करत असे आणि निधी महानगरपालिकेकडे येत असे. संस्थेची निवड होत असे ती निवारा चालवणारी संस्था म्हणून, जाहीर प्रक्रियेतून. त्यामुळे संस्थेने स्वतःच्या नावाने मंत्रालयात अर्ज पाठवण्यापेक्षा महानगरपालिकेला परिपूर्ण प्रस्ताव तयार करून देणे अधिक फलदायी ठरते. या अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्याचे निकष आजही मोजपट्टी म्हणून उपयोगी आहेत, परंतु प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी चालू आर्थिक वर्षात निवाऱ्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) होत आहे, हे समाजविकास विभागाला पत्राने विचारावे. पत्राला उत्तर न आल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. त्याच अर्जात यापूर्वी मंजूर झालेल्या एखाद्या निवाऱ्याच्या प्रस्तावाची छायांकित प्रत मागावी. मंजूर झालेला प्रस्ताव समोर ठेवून लिहिण्यासारखे दुसरे मार्गदर्शन नाही.

पहिली पायरी: माणसे मोजणे

सर्वेक्षण रात्रीच करावे लागते. दिवसा कळमना बाजारात हमाली करणारा, लग्नसमारंभात वाढपी म्हणून जाणारा किंवा भंगार गोळा करणारा माणूस बेघर म्हणून दिसतच नाही. तो दिसतो रात्री अकरानंतर, अंथरूण टाकल्यावर. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी या दहाही झोनमध्ये एकाच रात्री मोजणी करणे छोट्या संस्थेला जमणारे नाही, म्हणून ज्या एक-दोन झोनसाठी निवारा मागायचा आहे तेवढ्यापुरतीच मोजणी करावी, पण ती कसोशीने करावी. एक फेरी हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात घ्यावी, कारण दोन्ही ऋतूंत माणसांच्या झोपण्याच्या जागा बदलतात. पथकात किमान एक महिला कार्यकर्ती असावी आणि संबंधित पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे. पोलिसांची गाडी मात्र सोबत नेऊ नये. ती दिसताच माणसे अंथरूण गुंडाळून निघून जातात आणि त्या रात्रीची मोजणी वाया जाते.

नोंदवहीत कागदपत्रे विचारण्यापेक्षा पाच-सहा गोष्टी विचाराव्यात: अंदाजे वय, स्त्री-पुरुष, एकटे की कुटुंबासह, किती काळापासून या जागी, काम कोणते, आणि आजार किंवा अपंगत्व आहे का. निवाऱ्याचा प्रकार याच नोंदींतून ठरतो. मेयो-मेडिकलच्या आवारात झोपणाऱ्यांपैकी बरेच जण विदर्भातील दूरच्या गावांतून, मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांची गरज खरी आहे, पण ती धर्मशाळेची गरज आहे. त्यांची वेगळी नोंद न करता बेघरांच्या आकड्यात भर घातली, तर छाननीत आकडा फुगवल्याचा आक्षेप येतो आणि उरलेल्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

मोजणीच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारावा: आज शहरात निवारे असताना तुम्ही तिथे का जात नाही? उत्तरे फार मोलाची असतात. ठेला किंवा सायकल रिक्षा बाहेर ठेवली तर चोरीला जाते. पहाटे तीनला बाजारात जायचे असते आणि दार सहाला उघडते. नवरा एकीकडे आणि बायको-मुले दुसरीकडे अशी विभागणी होते. सामान ठेवायला कुलपाची पेटी नसते. ही उत्तरे आराखड्यात उतरली की नवा निवारा रिकामा राहत नाही. रिकामा निवारा पुढच्या प्रत्येक प्रस्तावाच्या आड येतो.

दुसरी पायरी: जागा

बहुतेक प्रस्ताव जागेपाशी थांबतात. नागपुरात जागेची मालकी प्रामुख्याने चार ठिकाणी शोधावी लागते: महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील नझूल (शहरातील शासकीय) जमीन, आणि संस्थेची स्वतःची किंवा दानात मिळालेली जमीन. यांपैकी माझा कल नेहमी महानगरपालिकेच्या बंद पडलेल्या शाळेकडे किंवा वापरात नसलेल्या समाजभवनाकडे असतो. इमारत रस्त्यालगत असते, पाणी-वीज जोडणी असते, आणि अनुदान नव्या बांधकामासाठी तसेच जुन्या इमारतीच्या नूतनीकरणासाठी मागता येते. शहराच्या टोकाला मोठा भूखंड मिळत असेल, तरी मोह टाळावा. हमालाला कळमन्यापासून आणि रोजंदारीच्या माणसाला कामगारांच्या ठिय्यापासून दहा किलोमीटर दूर नेले, तर तो पुन्हा फुटपाथवरच झोपणार.

महानगरपालिकेच्या मालमत्तेचा भाडेपट्टा किंवा हस्तांतरण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार होते आणि त्यासाठी ठराव लागतो. त्यामुळे झोनच्या सहायक आयुक्तांनी तोंडी होकार दिला म्हणून नकाशे काढायला घेऊ नयेत. मालमत्ता विभागाचे पत्र आणि ठरावाची प्रत हाती आल्यावरच पुढचा खर्च करावा. जागेच्या संचिकेत मालमत्ता पत्रक किंवा आखीव पत्रिका, मोजणी नकाशा, विकास योजनेतील आरक्षणाचा दाखला, अतिक्रमण नसल्याचा पंचनामा आणि अलीकडची छायाचित्रे असावीत. विकास योजनेत जागेवर दुसरे आरक्षण असेल, तर ते आधीच कळणे चांगले.

तिसरी पायरी: माणसानुसार योजना

आता योजनेचा प्रश्न. एकच योजना सगळ्या बेघरांना पुरत नाही, म्हणून सर्वेक्षणातील गट समोर ठेवून योजना निवडावी.

एकट्या कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी आणि कुटुंबांसाठी सामुदायिक निवाऱ्याचा मार्ग वर सांगितला आहे. कायमस्वरूपी भाड्याच्या घरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधील परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील घरांचा घटक अभ्यासावा. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेच्या या घटकात बेघर आणि निराधार व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या पैशातून बांधलेली पण रिकामी पडलेली घरे भाड्याने देणे, किंवा सार्वजनिक अथवा खासगी यंत्रणेने नवी भाड्याची घरे बांधणे, असे दोन मार्ग त्यात आहेत. दुसऱ्या मार्गात नवीन बांधकाम तंत्रज्ञान वापरल्यास केंद्राकडून प्रति चौरस मीटर ३,००० रुपये आणि राज्याकडून २,००० रुपये तंत्रज्ञान अनुदान मिळते. याच योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील कुटुंबाला मालकीच्या घरासाठी महाराष्ट्रात केंद्राचे १.५० लाख आणि राज्याचे किमान १ लाख रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये असून देशात कुठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. परंतु घराच्या किमतीतील उरलेली रक्कम कुटुंबाला भरावी लागते. उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या, नियमित कमावत्या कुटुंबासाठी बँकेच्या साह्याने हा मार्ग खुला होऊ शकतो. एकट्या वृद्धाला तो सुचवणे म्हणजे त्याला खोटी आशा दाखवणे होय. या योजनेसाठी राज्यातील समन्वय यंत्रणा म्हाडा आहे आणि प्रस्ताव महानगरपालिका, सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा म्हाडाच्या नागपूर मंडळामार्फत जातो.

भीक मागून जगणाऱ्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची २०२२ पासूनची ‘स्माइल’ योजना आहे. भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाच्या सुरुवातीच्या दहा पथदर्शी शहरांत नागपूरचा समावेश होता, त्यामुळे हे काम महानगरपालिकेला नवे नाही. निराधार ज्येष्ठांसाठी त्याच मंत्रालयाची अटल वयो अभ्युदय योजना आहे. तिचे अर्ज ई-अनुदान संकेतस्थळावर संस्थेला स्वतः करता येतात. संकटग्रस्त महिलांसाठी मिशन शक्तीमधील ‘शक्ती सदन’ आणि रस्त्यावरील मुलांसाठी मिशन वात्सल्य आहे. एकटे मूल आढळल्यास त्याला प्रौढांच्या निवाऱ्यात ठेवू नये, १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवून बालकल्याण समितीसमोर न्यावे. मनोरुग्ण व्यक्तीसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराची सोय आधी करावी लागते. नागपुरातील प्रादेशिक मनोरुग्णालयाशी लेखी समन्वय ठेवल्याचे प्रस्तावात नमूद करावे.

चौथी पायरी: आराखडा आणि बांधकामाचे अंदाजपत्रक

५० जणांच्या निवाऱ्याला निकषानुसार झोपण्यासाठीच २,५०० चौरस फूट जागा लागते. स्वयंपाकघर, स्नानगृहे, शौचालये, कार्यालय आणि सामानाच्या पेट्यांची खोली यांचे क्षेत्र त्यावर धरावे. मार्गदर्शक सूचनांत हवेशीर खोल्या, पिण्याचे शुद्ध पाणी, पुरेसा प्रकाश, अग्निशमन, प्रथमोपचार, कीटकनियंत्रण, अंथरूण-पांघरुणाची स्वच्छता आणि सामाईक स्वयंपाकाची सोय अपेक्षित आहे. नागपूरसाठी यात स्थानिक भर घालावी लागते. मे महिन्यात तापमान ४५ अंशांपुढे जाणाऱ्या शहरात पत्र्याचे छत म्हणजे दुपारी आत थांबणे अशक्य करणे होय. स्लॅब, त्यावर उष्णता परावर्तित करणारा लेप, कूलर आणि कूलरच्या पाण्याची वेगळी टाकी या बाबी मूळ अंदाजपत्रकातच असाव्यात. नंतर त्या मागितल्या, तर सुधारित मान्यतेच्या फेऱ्यात वर्ष निघून जाते. हातठेले आणि रिक्षांसाठी कुंपणातील जागा, अपंगांसाठी उतार आणि आधारदांडे, महिलांच्या भागात आतून कडी लागणारी आणि इमारतीच्या आतच असलेली शौचालये नकाशावर ठळकपणे दाखवावीत.

नकाशे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार असावेत आणि दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीनुसार धरावेत. खासगी वास्तुविशारदाने बाजारभावाने काढलेले अंदाजपत्रक परत येते. महानगरपालिकेच्या कार्यकारी अभियंत्याला सुरुवातीपासून सोबत घेतले, तर तांत्रिक मान्यता सुलभ होते. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा हा क्रम लक्षात ठेवावा. अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला वेळखाऊ असतो, म्हणून त्याचा अर्ज नकाशासोबतच करावा.

पाचवी पायरी: दर महिन्याचा खर्च

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि प्रस्तावांत तोच सर्वांत पातळ असतो. अभियानाच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत ५० जणांच्या निवाऱ्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये इतका चालवण्याचा खर्च, पाच वर्षांपर्यंत, गृहीत धरला होता. म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये, माणशी १,००० रुपये, दिवसाला सुमारे ३३ रुपये. आता खर्चाची बाजू पाहावी. तीन पाळ्यांसाठी तीन काळजीवाहक, एक व्यवस्थापक आणि एक सफाई कर्मचारी अशी पाच माणसे उदाहरणादाखल प्रत्येकी केवळ १२,००० रुपयांवर धरली, तरी ६०,००० रुपये होतात. वीज, पाणी, गॅस, औषधे, चादरींची धुलाई अजून बाकीच आहे. किमान वेतनाखाली माणसे नेमून हा फरक भरून काढणे बेकायदेशीर आहे आणि त्यातून रात्रपाळीला कोणी टिकतही नाही.

म्हणून प्रस्तावात खर्चाचा पाच वर्षांचा तक्ता द्यावा आणि प्रत्येक बाबीपुढे पैशाचा स्रोत लिहावा. वीजबिल आणि पाणीपट्टी महानगरपालिकेने भरावी, असे करारातच यावे. जेवणासाठी लोकसहभाग किंवा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेता येतो. त्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नमुन्यातील नोंदणी लागते. कमावत्या रहिवाशांकडून उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत वर्गणी घेण्याची मुभा सूचनांत आहे, पण मोफत निवाऱ्याचा हक्क असलेल्या वृद्ध, आजारी आणि बेरोजगारांना ती लावू नये आणि वर्गणी नाही म्हणून कोणालाही दारातून परत पाठवू नये. हे वाक्य नियमावलीत लिहून ठेवावे.

संस्थेची कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तांकडील अद्ययावत विश्वस्त नोंद, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, प्राप्तिकर विभागाकडील १२अ आणि ८०ग नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील क्रमांक आणि पीएफएमएस (शासकीय निधी वितरणाची संगणकीय प्रणाली) नोंदणी यांची एक संचिका कायम तयार असावी. विश्वस्त बदलले असतील आणि बदल अर्ज प्रलंबित असेल, तर तो आधी निकाली काढावा, कारण नोंदीत नाव नसलेल्या सचिवाच्या सहीचा प्रस्ताव ग्राह्य धरला जात नाही. याच कामासाठी दुसऱ्या विभागाकडे अनुदान मागितले असल्यास ते लपवू नये. केंद्रीय अनुदानाच्या नियमांनुसार ते जाहीर करावे लागते.

सादरीकरण आणि पाठपुरावा

प्रस्ताव आवक-जावक विभागात देऊन शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्यावी, एक प्रत समाजविकास विभागाला आणि एक अतिरिक्त आयुक्तांना द्यावी. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये ठरते, त्यामुळे स्वनिधीतील तरतूद हवी असल्यास प्रस्ताव डिसेंबरपूर्वी पोहोचायला हवा. प्रस्ताव राज्याच्या नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे गेल्यावर त्याचा जावक क्रमांक लिहून घ्यावा. त्रुटींचे पत्र आले, तर प्रत्येक त्रुटीपुढे उत्तर आणि जोडपत्राचा क्रमांक असा तक्ता करून आठवड्याभरात पाठवावा. त्रुटी काढली जाणे हे प्रस्ताव वाचला गेल्याचे चिन्ह आहे. तिथे थांबून राहणे मात्र महागात पडते.

मंजुरीनंतर

अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. केंद्रीय अनुदान थेट संस्थेला मिळाले असेल, तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत जीएफआर १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, शिल्लक रकमेवरील व्याज शासनाला परत करावे लागते आणि अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. बारा महिन्यांची मुदत असली, तरी प्रमाणपत्र जूनपर्यंत द्यावे, कारण पुढचा हप्ता त्यावरच अवलंबून असतो. मालमत्ता नोंदवहीत खाटा, कूलर, गॅस शेगड्या, अगदी कुलपाच्या पेट्यांपर्यंत प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह लिहावी.

निवारा सुरू झाल्यावर रहिवाशांच्या ओळखपत्रांचे काम पहिल्याच महिन्यात हाती घ्यावे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. आधारवरून बँक खाते, शिधापत्रिका आणि संजय गांधी निराधार योजनेचे निवृत्तिवेतन यांचे अर्ज करता येतात. किती जणांना यांपैकी काय मिळाले, याची मासिक नोंद निवारा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावी आणि तिची प्रत हप्त्याच्या मागणीपत्राला जोडावी.